पेवातलं गाणं

(दृश्य: हरिपूर रस्ता, सकाळ. चिंचेची झाडं. निवेदन सायकल फ्रेमबाहेर गेल्यावर.)

सांगलीतून हरिपूरला जाणारा हा रस्ता. पुढे कृष्णा-वारणेचा संगम, संगमेश्वराचं देऊळ. या गावाची जमीन आतून पोकळ आहे. पायाखाली पेवं आहेत, हळदीची.

(दृश्य: पेवाच्या तोंडावरचा दगड सरकतो.)

तोंड जेमतेम एक माणूस उतरेल एवढं, आणि खाली वीस-पंचवीस फूट, रांजणासारखं फुगत गेलेलं पोट. वीट नाही, सिमेंट नाही. इथली माती घट्ट, पाणी झिरपू न देणारी. आतून उसाचं पाचट आणि चटया लावायच्या, हळद ओतायची आणि तोंड मातीनं लिंपून टाकायचं. हवा नाही म्हणून कीड नाही. हळद वर्षानुवर्षं टिकते. अमक्याचं पेव फुटलं, तमक्याचं पेव फुटलं असं आपण रोज म्हणतो, पण पेवात डोकावलेला माणूस आता सांगलीतसुद्धा शोधावा लागतो. 2005च्या महापुरात इथली कितीतरी पेवं बुडाली. हळद गोदामात गेली, कोल्ड स्टोरेजमध्ये गेली. हे एक जरा उंचावर होतं म्हणून राहिलं. रिकामं.

(दृश्य: केबलचं वेटोळं घेऊन येणारी गायिका. मागून डबल बास, माणसाएवढं तंतुवाद्य, दोघांच्या खांद्यावर.)

ही सांगलीची मुलगी जॅझ गाते. नाव शेवटच्या पाटीवर येईलच. तिच्या अल्बममध्ये आठ गाणी आहेत आणि त्यातलं एकही तिचं नाही. चार अमेरिकेतली, तीन हिंदी सिनेमातली आणि एक आपलं नाट्यपद.

जॅझवाले ज्यांना ‘स्टँडर्ड’ म्हणतात, ती मुळात बरीचशी नाटका-सिनेमातलीच गाणी. अमेरिकन संगीतकार जॉर्ज गर्शविननं 1935च्या एका ऑपेरासाठी अंगाई बांधली, ‘समरटाइम’. ऑपेरा न पाहिलेल्या लोकांनाही ती अंगाई पाठ आहे, कारण पुढे जो तो आपापल्या गळ्यानं गात राहिला. कुणी लय ओढली, कुणी शब्द गिळले, कुणी सूरच बदलले. नाटक मागे पडतं आणि पद मैफलीत जाऊन बसतं, हे सांगलीकराला कुणी शिकवायला नको. 1843मध्ये विष्णुदास भाव्यांनी ‘सीतास्वयंवर’ उभं केलं ते इथंच. ‘मानापमान’वाले खाडिलकर जन्मानं सांगलीचे. आणि ‘शारदा’ लिहिणारे गोविंद बल्लाळ देवल तर या हरिपूरचेच.

(दृश्य: जुन्या नाट्यपुस्तकाचं पान. पदावर बोट. क्लोजअप लांबवावा.)

हे पान नीट बघा. पदाच्या डोक्यावर बारीक अक्षरात ‘चाल’ छापलीय. हे पद अमुक गाण्याच्या चालीवर म्हणायचं. म्हणजे आपल्या नाटककारांनी आधीच्या चाली उचलल्या, त्यात नवे शब्द बसवले आणि खुशाल छापून सांगितलं. नाट्यपदाची मोडतोड केली म्हणून या मुलीवर डाफरणाऱ्यांनी एवढं एक पान उघडावं.

सिनेमाच्या गाण्यांचं तर विचारूच नका. आशा भोसले यांचा जन्म सांगलीचा, 1933चा. त्यांच्या गाण्यांमागे मुंबईच्या ऑर्केस्ट्रात जे गोव्याचे वादक बसायचे, त्यातले कितीतरी रात्री हॉटेलांतून जॅझ वाजवायचे. म्हणजे जॅझ आपल्या घरी रेडिओतून कधीच येऊन गेलाय, फक्त त्याला कुणी त्या नावानं हाक मारली नाही.

(दृश्य: मिरज. सतारमेकर गल्ली. भोपळा, रंधा, तारा.)

तिच्या नाट्यपदामागचा तंबोरा मिरजेचा. कारागीर घोडीवर तारेखाली सुताचा दोरा सरकवतोय. केसभर पुढे, केसभर मागे. एका जागी तार अचानक बोलायला लागते. ती जवारी. (इथे चार सेकंद फक्त तार.)

अडचण झाली ती या तंबोऱ्यामुळेच. जॅझची गंमत कॉर्ड, म्हणजे एकदम वाजणारे सूर, बदलण्यात, आणि तंबोरा तर षड्ज सोडायला तयार नाही. तीन दिवस कीबोर्डवाला एकेक कॉर्ड काढत गेला. शेवटी त्यानं झाकणच लावलं. उरला डबल बास, सा आणि पंचम धरून. सॅक्सोफोनवाल्या जॉन कोलट्रेननं 1960मध्ये एका नाटकातलं गाणं असंच जवळजवळ एका जागी थांबवून वाजवलं होतं, त्यामुळे जॅझवाल्यांचीही तक्रार नसावी.

(दृश्य: पुन्हा पेव. कंदील दोरीनं खाली जातो.)

आता ज्यासाठी एवढा खटाटोप केला ते. हॉलिवूडला कॅपिटॉल रेकॉर्ड्सच्या इमारतीखाली, जमिनीत तीसेक फूट खोल, काँक्रीटच्या बंद खोल्या आहेत. वर गायकाचा आवाज घ्यायचा, खालच्या स्पीकरवर वाजवायचा आणि तिथं घुमलेला आवाज दुसऱ्या माईकनं परत वर आणायचा. 1950च्या दशकापासूनच्या कित्येक स्टँडर्डवर त्या खोल्यांचा घुमार आहे. गायिकेनं हे कुठंतरी वाचलं आणि तिला हरिपूर आठवलं.

पण पेवात आधी कंदील जातो. हवा मेलेली असते. हा बघा, निम्म्यावर विझला.

“पोरी, आज न्हाई,” पेवाचे मालक आबा म्हणाले.

“मग कधी, आबा?”

“उद्या. उघडं ऱ्हाऊ दे. हवा शिरू दे की जरा.”

दुसऱ्या दिवशी कंदील तळाशी जाऊनही जळत राहिला. तरी आबांनी कुणाला उतरू दिलं नाही. स्पीकर पाटीतून खाली गेला. माईक वेगळ्या दोरीला, स्पीकरकडे पाठ करून. ती वर चिंचेखाली बसली, कानाला हेडफोन. गाणं ‘शारदा’तलं, ‘मूर्तिमंत भीति उभी’.

(गाणं. निवेदन नाही. कॅमेरा पेवाच्या काळ्या तोंडावर.)

काँक्रीटमध्ये घुमार लांबतो. इथं लांबत नाही. माती आवाजाचा वरचा झिणझिणाट पिऊन टाकते आणि खर्ज तेवढा परत देते, ओल्या भांड्यात बोलल्यासारखा. बाकीच्या सात गाण्यांना हा घुमार शोभला नाही, या एकालाच शोभला. पहिल्या टेकमध्ये एक रातकिडा आहे. सुरात नाही.

(दृश्य: अल्बमचं मुखपृष्ठ.)

मिक्सिंग मुंबईत झालं. अल्बम निघाला, खर्च अजून निघायचाय. सांगलीतल्या पहिल्या कार्यक्रमात पुढच्या रांगेतले काही जण पदाच्या मध्यातच उठून गेले. आबांचा मुलगा त्या जागेवर घर बांधणार आहे, पेव बुजवावं लागेल.

(दृश्य: दोरी वर येते. माईक हातात.)

माईकवरचा स्पंज काळा होता. वर आला तो पिवळा. तिनं तो दोनदा धुतला.

(गाणं शेवटपर्यंत चालू ठेवावं. नावांच्या पाट्या.)