उस्मानाबादी शेळीपासून कोल्हापुरी चपलेपर्यंत

श्रोतेहो, नमस्कार. मालाला तालुक्याचं किंवा जिल्ह्याचं नाव लागलं की बाजारात त्याचा भाव चढतो. उस्मानाबादी शेळी, पंढरपुरी म्हैस, अलिबागचा पांढरा कांदा, मंगळवेढ्याची ज्वारी, कोल्हापुरी चप्पल ही सगळी नावं तुमच्या तोंडात बसलेली आहेत. मात्र ती नावं प्रत्येक ठिकाणी वेगळी हमी देतात. ती हमी नेमकी कशाची आहे आणि माल हातात आल्यावर ती कशी तपासायची, हे आज पाहू.

सुरुवात शेळीपासून करू, कारण फसवणूक सगळ्यात जास्त तिथंच होते. जिल्ह्याचं नाव आता धाराशिव झालं असलं तरी जातीचं नोंदणीकृत नाव उस्मानाबादी हेच आहे. जनावरांच्या जातींची नोंदणी हरियाणातल्या कर्नालची राष्ट्रीय पशु आनुवंशिक संसाधन संस्था करते. या शेळीचं मूळ घर म्हणजे धाराशिव, लातूर, तुळजापूर, उदगीर आणि त्याच्या आसपासचा कोरडा पट्टा. बहुतेक शेळ्या काळ्या असतात, पण सगळ्या नाहीत; पांढऱ्या, तपकिरी आणि ठिपक्यांच्याही असतात. म्हणून काळा रंग दिसला की उस्मानाबादी, हा हिशेब चुकीचा आहे. कोणतीही काळी गावठी शेळी याच नावावर विकली जाते. कान मध्यम लांबीचे आणि लोंबते असावेत. नाकाचा फुगवटा मोठा आणि कान फारच लांब असतील, तर त्या रक्तात दुसरी जात मिसळली आहे असं समजा. बोकडाला बहुधा शिंगं असतात, शेळ्यांमध्ये मात्र बिनशिंगीही पुष्कळ सापडतात, तेव्हा शिंगांवरून निकाल देऊ नका.

वजन ऐकूनही हुरळून जाऊ नका. पूर्ण वाढलेली शेळी सरासरी ३० ते ३५ किलोची असते. या जातीचा मोठेपणा वजनात नाही. तो कोरड्या चाऱ्यावर तग धरण्यात आणि जुळी करडं देण्यात आहे. म्हणून विकत घेताना अंगापेक्षा कास जास्त पाहा. दोन्ही सड सारखे हवेत, गाठ नको, दाबल्यावर दोन्हींतून धार यायला हवी. एका सडाची शेळी जुळं व्याली की एक करडू उपाशी राहतं आणि जातीचा सगळा फायदा तिथंच संपतो. मग तोंड उघडा. सगळे दुधाचे दात असतील तर शेळी साधारण वर्षाच्या आतली. पुढचे दोन कायमचे दात आले असतील तर सव्वा ते दीड वर्षाची. चार दाती दोन वर्षांच्या आसपास, सहा दाती तीनच्या आसपास, आणि आठही दात आले की शेळी जुळली, म्हणजे चार वर्षांची. पैदाशीसाठी दोन दाती किंवा चार दाती घ्यावी.

घरी आणल्यावर ती थेट जुन्या कळपात सोडू नका. तीन आठवडे वेगळी बांधा. पीपीआर या रोगाची लक्षणं आठवडाभरानं दिसतात, आणि तोवर एका शेळीनं अख्खा कळप धोक्यात आलेला असतो. पीपीआरची लस तीन महिन्यांच्या वरच्या करडांना द्यावी, तिचं संरक्षण सुमारे तीन वर्षं टिकतं. आंत्रविषाराची लस मात्र दरवर्षी, पावसाळ्याआधी. कोवळा हिरवा चारा एकदम भरपूर खाल्ला की हा रोग उसळतो आणि अंगानं सर्वांत चांगली करडं आधी जातात. वीस-पंचवीस शेळ्यांमागे एक बोकड पुरतो, पण तो दोन वर्षांनी बदलावाच लागतो. नाही तर त्याच्याच मुली त्याला लागतात, आणि मग कमी वजनाची, अशक्त करडं जन्मतात. लोक दोष जातीला देतात. दोष बोकड न बदलण्याचा असतो.

आणखी एक गोष्ट कळकळीनं सांगतो. उस्मानाबादी शेळी कोरड्या हवेत घडलेली आहे. ती कोकणच्या ओल्या गोठ्यात नेऊन बांधली तर खूर सडतात आणि जंत पाठ सोडत नाहीत. सिंधुदुर्गात त्यासाठी कोकण कन्याळ ही तिथलीच जात आहे. तीच पाळावी.

हवेचं हे नातं गुरांमध्येही दिसतं. डांगी गाय डांगच्या डोंगराळ भागावरून ओळखली जाते. आपल्याकडे इगतपुरी आणि नगरकडच्या अकोले तालुक्यात ती सांभाळली जाते. तिच्या कातडीतून तेलकट स्राव येतो, त्यामुळे मुसळधार पावसातही पाणी अंगात मुरत नाही, आणि खूर काळे, टणक असतात. भाताच्या चिखलात डांगी बैल दिवसभर टिकतो तो यामुळे. पंढरपुरी म्हैस ओळखायला सोपी आहे. चेहरा लांब आणि निमुळता, शिंगं लांब, मागे वळून खांद्याच्या फऱ्यापर्यंत आणि कधी त्याच्याही पुढे गेलेली. शिंगं घट्ट वळलेली असतील तर मुऱ्हा या दुसऱ्या जातीचं रक्त आहे. थोडं थोडं दूध सोडण्याची या म्हशीला सवय असते, म्हणून कोल्हापुरात दूधकट्ट्यावर गिऱ्हाईकासमोर धार काढून धारोष्ण दूध देण्याची पद्धत टिकली.

आता अलिबागचा पांढरा कांदा. इथं नाव मातीचं आहे. कांद्याचा तिखटपणा त्यातल्या गंधकयुक्त द्रव्यांमुळे येतो, आणि ती द्रव्यं जमिनीतल्या गंधकावर अवलंबून असतात. अलिबाग तालुक्यात भात निघाल्यावर मागे राहिलेल्या ओलीवर हा कांदा घेतात आणि तिथल्या कमी गंधकाच्या मातीत तो गोडसर होतो. तेच बी दुसरीकडे नेऊन गंधकाची खतं टाकून वाढवलं तर कांदा पांढराच निघतो, पण तिखट. म्हणून रंग पाहून घेतलेला कांदा पुष्कळदा घरी गेल्यावर डोळ्यांत पाणी आणतो.

बियाण्यात दुसरी चूक होते. कांद्याचं परागीभवन मधमाश्या करतात. बियाण्याच्या वाफ्याजवळ लाल कांद्याचे गोंडे फुलले असतील तर पुढच्या वर्षी पिकात गुलाबी कांदे दिसू लागतात. किमान अर्धा ते एक किलोमीटर अंतर हवं. एकाच शेतकऱ्याला ते जमत नाही, सगळ्या शिवारानं मिळून ठरवावं लागतं. काढणी माना पडल्यावर करावी, पात हिरवी असताना नाही. सावलीत सुकवून मग पातीसकट वेण्या विणतात. वेणी नुसती शोभेची नाही. लाल कांद्याच्या सालीत बुरशीला रोखणारी द्रव्यं असतात, पांढऱ्याच्या सालीत ती नसतात, म्हणून तो लवकर काळा पडतो. टांगलेल्या वेणीला चारही बाजूंनी वारा लागतो. पोत्यात भरला की उब धरतो आणि मानेपासून सडत जातो. गिऱ्हाइकानं वेणीतलाच कांदा घ्यावा हे बरं, फक्त वेणीची पात आणि कांदा एकाच झाडाचे आहेत ना, हे ओढून पाहावं.

या कांद्याला २०२२ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, म्हणजे हे नाव त्या भागातल्या मालालाच लावता येईल अशी कायदेशीर नोंद झाली. त्यासाठीचा १९९९ चा कायदा २००३ पासून लागू आहे आणि नोंदणी चेन्नईच्या कार्यालयात होते, दहा वर्षांसाठी. उत्पादकांच्या संघाच्या नावानं मानांकन मिळालं म्हणजे काम झालं असं अनेक शेतकऱ्यांना वाटतं. तसं नाही. प्रत्येक उत्पादकानं स्वतः अधिकृत वापरकर्ता म्हणून नाव नोंदवावं लागतं, तरच पिशवीवर ते चिन्ह छापता येतं आणि नकली मालाविरुद्ध उभं राहता येतं. कष्टानं मिळवलेलं मानांकन केवळ या एका अर्जावाचून कागदावर पडून राहतं, याचं फार वाईट वाटतं.

मंगळवेढ्याच्या ज्वारीलाही मानांकन आहे. खोल काळी जमीन, परतीच्या पावसाची ओल आणि मालदांडी वाण, यांतून ती ज्वारी येते. एकरी चार किलो बी पुरतं. पेरणी १५ सप्टेंबर ते १५ ऑक्टोबर. त्याआधी पेरली तर खोडमाशी पोंगे, म्हणजे रोपाचे मधले कोवळे शेंडे, मारते. उशीर झाला तर दाणा भरायच्या वेळी जमिनीत ओल उरत नाही. काणी या बुरशीच्या रोगासाठी पेरणीआधी बियाण्याला किलोमागे चार ग्रॅम गंधक चोळावं. खरं काम त्यानंतर आहे, ते कोळपणीचं, म्हणजे ओळींमधली वरची माती हलवून भेगा बुजवण्याचं. काळी जमीन सुकताना भेगाळते आणि त्या भेगांतून ओल उडून जाते. पहिली कोळपणी तीन आठवड्यांनी फटीच्या कोळप्यानं, दुसरी पाचव्या आठवड्यात पासेच्या कोळप्यानं, तिसरी आठव्या आठवड्यात दातेरी कोळप्यानं. एक कोळपणी म्हणजे अर्धं पाणी, असं जुने शेतकरी म्हणतात ते अगदी खरं आहे. तिसरी चुकवली की ताण बसतो, खडखड्या रोग येतो, ताटं बुडाशी पोकळ होऊन आडवी पडतात आणि दाण्याबरोबर कडबाही जातो.

घरात या ज्वारीची भाकरी मोडली तर आधी पिठाचं वय विचारा. ज्वारीत गव्हासारखा चिकटपणा नसतो, पीठ जुनं झालं की त्याची विरी, म्हणजे धरून राहण्याची ताकद, जाते. आठ-दहा दिवसांत संपेल एवढंच दळावं. विरी गेलीच असेल तर उकळतं पाणी घालून, झाकून ठेवून, मग मळावं. गरम पाण्यानं पिठातला स्टार्च फुलतो आणि भाकरी थापता येते.

परभणी क्रांती भेंडीची गोष्ट वेगळी आहे. तिथं जिल्ह्याचं नाव म्हणजे वाण कुठल्या विद्यापीठात तयार झालं त्याची खूण. पानं पिवळी पाडणाऱ्या हळद्या रोगाला दाद न देणाऱ्या एका रानटी जातीशी संकर करून ते काढलं. ही भेंडी परभणीतच पिकायला हवी असं काही नाही. वेंगुर्ला ४ आणि वेंगुर्ला ७ ही काजूची वाणंही तशीच, तिथल्या फळसंशोधन केंद्राची.

कोल्हापुरी चपलेत नाव हाताच्या कामाचं आहे. २०१९ चं मानांकन एका जिल्ह्याचं नाही. कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर आणि कर्नाटकातले बेळगाव, धारवाड, बागलकोट, विजापूर असे आठ जिल्हे त्यात येतात. तेव्हा बेळगाव जिल्ह्यातल्या अथणीची चप्पल नकली आणि कोल्हापूरच्या दुकानातली अस्सल, असं समजू नका. कोल्हापूरच्या दुकानातही रेक्झिनच्या चपला मिळतात.

अस्सल चपलेचं कातडं बाभळीची साल आणि हिरडा यांत कमावतात. तळाला म्हशीचं जाड कातडं लागतं, वरच्या पट्ट्याला आणि वेणीला पातळ. तळाची कड बोटानं चाचपा. थरांवर थर स्पष्ट दिसायला हवेत आणि शिलाई चामड्याच्या वादीची हवी. खिळा दिसला, किंवा कड रंगानं लिंपून गुळगुळीत केली असेल, तर चप्पल बाजूला ठेवा. बाजूचे कान तळाच्या थरांमध्ये शिवलेले असतात. नुसते चिकटवलेले असतील तर पहिल्या पावसात सुटतात. वास घ्या, झाडाच्या सालीत कमावलेल्या कातड्याला मातकट वास येतो.

नवी चप्पल थोडी घट्टच घ्यावी, कारण कातडं पायावर सैल होतं. चपलेचा अंगठा आणि पट्टा यांना आतून एरंडेल किंवा खोबरेल चोळून रात्रभर ठेवावं, आणि पहिले काही दिवस घरातच तासभर वापरावी, म्हणजे पाय सोलत नाही. पावसाळ्यात ती घालूच नये. भिजली तर सालीचा अर्क पाण्याबरोबर बाहेर येतो, पायाला तांबूस डाग पडतात आणि कातडं कडक होतं. अशी चप्पल उन्हात किंवा चुलीजवळ ठेवली तर तळ वाकतो आणि चिरतो. फडक्यानं टिपून, सावलीत, वाऱ्यावर आडवी ठेवावी, थोडी ओलसर असतानाच तेलाचा हात द्यावा, आणि पूर्ण सुकेपर्यंत पायात घालू नये.