सातचा भोंगा

(दृश्य: संध्याकाळ. वैरणीचे भारे घेऊन परतणारी माणसं. देवळाचा कळस.)

सात वाजायला आलेत. सांगली जिल्ह्याच्या कडेगाव तालुक्यातलं हे मोहित्यांचे वडगाव. तीन हजारांच्या आसपास वस्ती. रानातली माणसं घराकडे वळलीत, धारा काढून झाल्यात, भाकरीसाठी तवे तापलेत. या वेळेला कुठल्याही गावात जे ऐकू येईल, तेच इथंही ऐकू येतंय. एका घरातून मालिकेचं शीर्षकगीत, दुसऱ्यातून बातम्या आणि ओट्यावर बसलेल्या पोराच्या हातातल्या मोबाइलमधून खेळातला गोळीबार.

(ध्वनी: भोंगा. पूर्ण वाजू द्यावा. निवेदन नाही.)

आणि मग आवाज एकेक करून विझत जातात.

टीव्ही बंद. मोबाइल बाजूला. साडेआठला पुन्हा भोंगा वाजेल, तोवर दीड तास मुलं अभ्यासाला बसतील आणि मोठी माणसं वाचतील, बोलतील, कामं उरकतील. १५ ऑगस्ट २०२२ पासून या गावाने हा नेम धरला. देशभरातल्या वर्तमानपत्रांनी त्याची बातमी केली. बातम्यांत बहुतेक वेळा भोंग्याचंच कौतुक झालं. आपण जरा त्याच्या मागे जाऊ.

(दृश्य: कुलूप लावलेलं शाळेचं फाटक. पटांगणात वाढलेलं गवत.)

मार्च २०२० मध्ये शाळा बंद झाल्या. ग्रामीण महाराष्ट्रातल्या पहिली ते चौथीच्या वर्गांची दारं उघडायला डिसेंबर २०२१ उजाडावा लागला. पहिलीत नाव घातलेलं पोर वर्गाची पायरी न चढताच दुसरीत गेलं. या काळात शाळा मोबाइलवर आली. ज्यांच्याकडे मोबाइल नव्हता त्यांच्याकडे ती आलीच नाही.

तिथं माणसांनी आपापल्या परीने वाटा काढल्या. पालघर जिल्ह्यातल्या आदिवासी पाड्यांवर दिगंत स्वराज फाउंडेशनने ‘बोलकी शाळा’ सुरू केली. धडे आधी ध्वनिमुद्रित करायचे आणि लाउडस्पीकर घेऊन स्वयंसेवकांनी गावात जायचं. मुलं झाडाखाली, अंगणात अंतर ठेवून बसायची आणि स्पीकर बोलेल त्याच्या मागोमाग म्हणायची. डेटा पॅक नको, रेंज नको. लग्नात, जत्रेत वाजणारा स्पीकर, आणि त्याच्यातून कविता. सोलापूरच्या नीलमनगर या कामगार वस्तीत शिक्षकांनी घरांच्या भिंतींवरच धडे रंगवले. सह्याद्री वाहिनीवर ‘टिलीमिली’ लागायची, म्हणजे ज्या घरी निदान टीव्ही होता तिथं इयत्तेप्रमाणे रोजचा पाठ पोहोचायचा.

हे सगळं आठवायचं कारण एवढंच की त्या दिवसांत उपयोगी पडली ती यंत्रं महागडी नव्हती. स्पीकरपाशी कोणीतरी उभं होतं. भिंत द्यायला घरमालक तयार होता.

(दृश्य: परत वडगाव. अंगणात मोबाइलवर वाकलेली मुलं, पाठमोरी.)

शाळा उघडल्या, मुलं वर्गात आली, पण अभ्यासासाठी हातात दिलेला मोबाइल काही परत गेला नाही. शाळेला जायच्या आधी मोबाइल, शाळेतून आल्यावर मोबाइल. लिहायचा सराव मोडलेला, वाचनाची गोडी गेलेली. वडगावच्या शिक्षकांना हे वर्गात दिसत होतं. सरपंच विजय मोहिते यांनी गावापुढे विषय ठेवला. भोंगा बसवू आणि ठरावीक वेळ सगळं बंद ठेवू.

पुरुष मंडळी आधी बिचकली. भोंगा वाजला म्हणून कोणी टीव्ही बंद करतं का, ही शंका रास्तच होती. निकाल लागला तो महिलांच्या ग्रामसभेत. स्वातंत्र्यदिनाच्या तोंडावर बायका जमल्या आणि भोंगा घ्यायचं त्यांनी ठरवलं.

इथं थोडं थांबायला हवं. सात ते साडेआठ ही वेळ कोणाची असते? दिवसभर शेतात आणि घरात राबलेल्या बाईला पाय सैल करून बसायला मिळणारी ती वेळ. तिची मालिका तेव्हाच लागते. म्हणजे या ठरावाला हात वर करणारी प्रत्येक जण पोराच्या वहीसाठी स्वतःचा दीड तास देत होती. मुलांना ‘मोबाइल ठेव’ म्हणणं सोपं आहे, ते आपण सगळेच म्हणतो. वडगावच्या बायकांनी आधी आपला रिमोट खाली ठेवला.

पुढचं काम पायांचं होतं. आशा सेविका, अंगणवाडी सेविका, ग्रामपंचायतीचे कर्मचारी आणि निवृत्त शिक्षक घरोघर गेले. समजावलं, पुन्हा गेले, पुन्हा समजावलं. भोंगा वाजल्यावर कुठं टीव्ही चालू राहतोय यावर प्रभागवार समित्यांनी लक्ष ठेवलं. भोंगा वाजवायला एक बटण पुरतं. तो पाळायला अख्खं गाव लागतं.

(दृश्य: माढा तालुक्यातला रस्ता. जिल्हा परिषदेची शाळा. पुस्तकाच्या पानावरचा क्यूआर कोड.)

सोलापूर जिल्ह्यात, माढा तालुक्यात, परितेवाडी आहे. २००९ मध्ये रणजितसिंह डिसले इथल्या जिल्हा परिषदेच्या शाळेत रुजू झाले, तेव्हा शाळेच्या इमारतीला गोठा चिकटलेला होता. काही मुलींची घरची भाषा कन्नड, पुस्तक मात्र मराठी. गुरुजी कन्नड शिकले, पाठ त्या भाषेत नेले आणि पुस्तकांच्या पानांवर क्यूआर कोड चिकटवले. कोड मोबाइलने टिपला की कविता ऐकू यायची, धड्याचा व्हिडिओ दिसायचा.

एका खेड्यातल्या शिक्षकाची ही युक्ती राज्याच्या पाठ्यपुस्तकांत गेली, पुढे एनसीईआरटीच्या पुस्तकांतही आली. आज बालभारतीचं पुस्तक उघडलं की धड्याच्या डोक्यावर तो काळा-पांढरा चौकोन असतोच. ३ डिसेंबर २०२० रोजी डिसले यांना १० लाख डॉलरचा ग्लोबल टीचर पुरस्कार जाहीर झाला आणि त्यांनी त्यातली अर्धी रक्कम अंतिम फेरीतल्या बाकीच्या नऊ शिक्षकांमध्ये वाटून टाकली.

पण त्या चौकोनाला एक मोबाइल लागतो. कित्येक घरांत स्मार्टफोन एकच, तोही बापाच्या खिशात. तो रानात जातो, बाजारात जातो, रात्री घरी येतो. तिसरीतल्या मुलीला तो चौकोन उघडायचा असेल तर बापाने मोबाइल तिच्या हातात द्यायचा आणि तिच्या शेजारी बसायचं. पुस्तकात कोड छापणं सरकारच्या हातात होतं. हे बसणं घरच्यांच्या हातात आहे.

(दृश्य: बंद वर्ग. भिंतीवरच्या प्रोजेक्टरवर धूळ.)

गेल्या दहा-बारा वर्षांत महाराष्ट्रात ‘डिजिटल शाळा’ हा शब्द गावोगाव गेला. शहापूर तालुक्यातल्या पष्टेपाड्याची शाळा राज्यातली पहिली डिजिटल शाळा म्हणून ओळखली गेली. ती पाहून शिक्षक आपापल्या गावी परतले, लोकवर्गणी काढली, प्रोजेक्टर आणले, टॅब आणले. त्यांतल्या काही शाळांत आजही वर्ग रंगतो. काही ठिकाणी मात्र उद्घाटनाची फीत कापली गेली, फोटो निघाले, गुरुजींची बदली झाली, वीजबिल थकलं आणि जोडणी तुटली. पेटीतले टॅब पेटीतच राहिले. मला त्या धुळीचं फार वाईट वाटतं, कारण त्यात शेतकऱ्यांनी, मजुरांनी घातलेले पैसे आहेत.

शिक्षण हक्क कायद्याने प्रत्येक सरकारी शाळेला शाळा व्यवस्थापन समिती दिली. तीन चतुर्थांश सदस्य पालक आणि निम्म्या महिला. कागदावर ही फार मोठी ताकद आहे. गुरुजींची बदली झाली तरी समिती गावातच राहते. प्रोजेक्टर कोण चालू ठेवणार, बिल कोण भरणार, हे तिने विचारायचं. जिथं समितीची बैठक म्हणजे घरी पाठवलेल्या वहीवरची सही, तिथं हे कोणी विचारत नाही.

(दृश्य: जुनं छायाचित्र. धोतर, दाढी, हातात काठी. कर्मवीर.)

वडगाव ज्या मुलखात आहे, त्याला ही वाट नवी नाही. कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९१९ मध्ये रयत शिक्षण संस्था उभी केली, तेव्हा वसतिगृहातल्या पोरांच्या पोटाला घालायला धान्य नव्हतं. मग मुष्टिफंड सुरू झाला. घरातल्या बाईने दळणाआधी एक मूठ धान्य बाजूला काढायचं. त्या मुठींवर बहुजनांची पोरं शिकली. भाऊरावांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी वसतिगृहासाठी स्वतःचं मंगळसूत्रही विकलं.

धान्याची मूठ आणि संध्याकाळचा दीड तास. दोन्ही घरातल्या बाईच्याच हातून निघाले.

(दृश्य: वडगाव. खिडकीतून दिसणारा उजेड. चटईवर पाठीला पाठ लावून बसलेली भावंडं. आई मेथी निवडतेय, मधेच वहीत डोकावतेय.)

आठ वाजून वीस मिनिटं. पाढ्यांचा आवाज बारीक झालाय. धाकटा पेंगतोय. मोठी अजून लिहितेय, एक शब्द अडलाय म्हणून आईला विचारतेय. आईला तो येत नाही. ती शेजारच्या निवृत्त गुरुजींकडे बोट दाखवते. मुलगी वही घेऊन, चपला न घालताच, गल्ली ओलांडते.

(ध्वनी: साडेआठचा भोंगा.)

घराघरांतून टीव्ही सुरू होतात. गुरुजींच्या ओसरीवर मुलगी अजून बसलेली आहे.