वर्दीचा लगदा, वर्दीचा कागद

(दृश्य : टेबलावर पसरलेला लष्करी शर्ट. कॉलरच्या आतलं लेबल जवळून.)

वर्दीच्या कापडापासून कागद करायचा, तर सगळ्यात आधी वाचायचं ते हे लेबल. पन्नास टक्के सुती, पन्नास टक्के नायलॉन. इराक-अफगाणिस्तानच्या काळातल्या अमेरिकी वर्द्यांवर हे प्रमाण वारंवार दिसतं. ताव घट्ट निघेल की भुसभुशीत, त्यावर बारीक अक्षर उठेल की नाही, याचा निम्मा निकाल इथेच लागतो.

२००७ मध्ये व्हरमाँट राज्यातल्या बर्लिंग्टन शहरात इराकमध्ये तैनात राहून आलेले ड्रू कॅमेरॉन आणि हातकागद बनवणारे ड्रू मॅटॉट यांनी 'कॉम्बॅट पेपर' सुरू केलं. माजी सैनिकाने आपली वर्दी आणायची, कापायची, तिचा लगदा करून ताव काढायचे आणि त्यावर आपल्याला हवं ते छापायचं. लगदा करायचं यंत्र गाडीत घालून ही कार्यशाळा विद्यापीठांत आणि कलाकेंद्रांत फिरली. आता या रीतीने काम करताना माजी सैनिकाच्या जोडीला एखादा छपाईकार किंवा डिझायनर बसवता येतो.

ही जोडी कधी जुळवायची, यावर बरंच काही अवलंबून असतं. डिझायनर कागद तयार झाल्यावर, पक्कं रेखाटन घेऊन आला, तर सैनिक फक्त कापड पुरवणारा ठरतो. म्हणून डिझायनरने पहिल्या कात्रीपासून हजर राहावं. रेखाटन नंतर होईल.

(दृश्य : शिवण उसवणारी पातळ सुरी. बटणांची वाटी भरत चालली आहे.)

कापायला आणायचं ते अंगावरचं कापड. हेल्मेट, चिलखती जॅकेट, पाठपिशवी हा सामान्यतः लष्कराला परत करायचा माल. तो या टेबलावर येत नाही.

आधी बटणं, चेन, वेल्क्रो आणि नाड्या काढून टाकायच्या. मग शिवणी. शिवणीचा दोरा कृत्रिम आणि चिवट असतो. तो राहिला की लगद्याच्या यंत्रात त्याचे पीळ वळतात आणि आतल्या फिरत्या रुळाभोवती दोर गुंडाळावा तसे बसतात. जाड दुहेरी शिवणी उसवत बसू नये, सरळ पट्टीच कापून बाजूला टाकावी. उरलेल्या कापडाचे साधारण अडीच सेंटीमीटरचे चौकोन करायचे. लांब पट्ट्या लवकर कापून होतात खऱ्या, पण पुढे त्याच रुळात अडकतात.

नावपट्टीला विचारल्याशिवाय हात लावायचा नाही. काहींना ती लगद्यात घालायची असते, काहींना जपायची असते, काहींना तिथल्या तिथे ठरवता येत नाही. अशा वेळी ती पाकिटात घालून ठेवावी. जुन्या वर्दीवर नावपट्टी शिवलेली असते. ती उसवली की खाली न विटलेल्या कापडाचा गडद आयत दिसतो. हा तुकडा बारीक न करता ओल्या तावात दाबता येतो. हे डिझायनरला सुचायचं असेल, तर त्याने उसवताना शेजारी असायला हवं.

हातमोजे घालावेत. बऱ्याच वर्द्यांवर परमेथ्रिन या कीटकनाशकाची प्रक्रिया केलेली असते. आगरोधक वर्द्या लेबलावरूनच वेगळ्या काढाव्यात. त्यांतल्या अ‍ॅरामिड या चिवट कृत्रिम तंतूने कात्रीची धार जाते आणि यंत्रातही तो नीट कुटला जात नाही. समारंभाचा लोकरी पोशाखही या कामाचा नाही. लोकरीच्या तंतूंपासून कागद जुळत नाही. व्हिएतनाम काळातली पातळ, शुद्ध सुती वर्दी आली, तर मात्र काम सोपं.

(दृश्य : लंबगोल टाकी. पाणी फिरतं आहे, त्यात हिरवट चौकोन.)

हे हॉलंडर यंत्र. सतराव्या शतकात नेदरलँड्समध्ये चिंध्या कुटण्यासाठी तयार झालं. टाकीच्या एका बाजूला धातूच्या पात्यांचा रूळ, त्याखाली पात्यांचीच पाटी. कापड या दोहोंमधून पुन्हापुन्हा जातं आणि त्याचे तंतू सुटे होतात. छोट्या यंत्रात एका वेळी साधारण एक किलो कोरडं कापड आणि ऐंशी-नव्वद लिटर पाणी मावतं.

आधी पाणी. रूळ वर उचललेला. मग कापड मूठमूठ टाकायचं. आधीची मूठ फिरून आल्याशिवाय पुढची नाही. घाईत सगळं ओतलं की गठ्ठा रुळाखाली अडकतो, मोटर कण्हते आणि खोलीतली वीज जाते. त्यासाठी यंत्राची वीजजोडणी स्वतंत्र असावी. पंखे, किटली वगैरे त्याच लाईनवर नकोत. रूळ हळूहळू, काही तासांत खाली आणायचा.

यंत्र सुरू करण्याआधी सगळ्यांना सांगायचं, आणि मोठ्याने. आवाज खडखडाटी असतो, आणि अचानक आलेला असा आवाज काही माजी सैनिकांना अजिबात सहन होत नाही. दाराकडे तोंड करून बसता येईल अशा खुर्च्या ठेवाव्यात, बाहेर जायची वाट मोकळी असावी. बोलणं काढायचं तर वस्तूवरून काढावं : हा खिसा कशासाठी, हे ठिगळ कुणी लावलं. 'युद्धात काय झालं' हा प्रश्न डिझायनरने विचारायचा नाही. सांगायचं असेल ते कापता कापता येतं, आणि नाही आलं तरी कागद होतोच. समुपदेशक सोबत नसेल, तर या कामाला उपचार म्हणू नये.

लगदा झाला का, हे बरणीत पाहायचं. काचेच्या बरणीत पाणी घेऊन चिमूटभर लगदा हलवायचा आणि उजेडासमोर धरायचा. तंतू ढगासारखे एकसारखे पसरले, तर झालं. दोरे, गाठी, कापडाचे ठिपके दिसले, तर अजून चालवा.

(दृश्य : बरणी उजेडासमोर. पांढुरक्या ढगात काही लांब, चमकणारे तंतू.)

हे चमकणारे तंतू नायलॉनचे. कुटल्यावर सुती तंतूची साल पिंजते, तिला बारीक केस सुटतात आणि वाळताना ते एकमेकांना धरून बसतात. कागदाची ताकद ती हीच. नायलॉन तसा पिंजत नाही आणि कुणाला धरतही नाही. तो नुसता अडकून राहतो. म्हणून पन्नास-पन्नासच्या वर्दीचा निव्वळ ताव फुसका होतो.

उपाय सोपा आहे. वर्दीच्या वजनाइतकंच शुद्ध सुती कापड मिसळा, जुने टी-शर्टही चालतात. नायलॉन पंचवीस टक्क्यांवर येतं. सरकीवरचे तोकडे तंतू तयार मिळतात, पण त्यांनी ताकद फारशी वाढत नाही. अबाका, म्हणजे केळीच्या कुळातल्या झाडाचा धागा, थोडा घातला तरी ताव चिवट होतो.

रंगाबद्दल डिझायनर हमखास हिरमुसतात. छद्मावरणाची (कॅमफ्लाजची) नक्षी लगद्यात उरत नाही. येतो तो राखाडी-हिरवा किंवा मातकट रंग. तो रंगवून उजळवू नये. त्याच्यावर काय शोभेल, ते शोधावं.

(दृश्य : हौदात बुडणारा साचा.)

हौदात लगदा पातळ हवा आणि प्रत्येक तावाआधी ढवळायला हवा, कारण नायलॉनमुळे गाठी लवकर धरतात. साचा म्हणजे जाळीची पाटी आणि तिच्यावर सुटी चौकट. तो उभा बुडवायचा, आडवा करून उचलायचा, पाणी निथळतानाच दोन्ही दिशांना हलकेच हलवायचा. चौकट काढून ताव ओल्या ब्लँकेटवर उलटवायचा. प्रेसमध्ये दाब सावकाश वाढवावा. एकदम दाबलं, तर पळणारं पाणी तंतूंना घेऊन पळतं आणि तावावर ओघळाच्या खुणा उमटतात. नंतर टिपकागद आणि नळीदार पुठ्ठा यांच्या थरांत ताव ठेवून वर वजन, बाजूने पंखा. एक-दोन दिवस लागतात. टिपकागद बदलण्याचा कंटाळा केला, तर ताव वाकडे होतात.

छपाईसाठी स्क्रीन, म्हणजे ताणलेल्या जाळीतून शाई दाबायची रीत, सगळ्यात भरवशाची. चिकट तेलशाई असलेल्या छपाईत हा कागद तंतू सोडतो आणि ते ठशावर जमा होतात. दुसरी रीत ओल्या तावावरची : स्टेन्सिल ठेवून रंगीत, अतिबारीक कुटलेला लगदा फवारायचा. दाबल्यावर चित्र कागदाचाच भाग होतं. फवारणीसाठी सुती किंवा अबाका घ्यावा; वर्दीच्या लगद्यातलं नायलॉन तोटी बंद करतं. फोटोवरून स्टेन्सिल करायचं असेल, तर करडे मधले टप्पे सोडून द्या. ठळक काळं-पांढरंच टिकतं.

(दृश्य : जाळीच्या पिशवीतून निथळणारं पाणी.)

उरलेलं पाणी थेट मोरीत ओतू नका. लगदा नळात बसतो, आणि यजमान जागेचं ड्रेनेज तुंबलं की पुढचं आमंत्रण विसरा. जाळीतून गाळा. गाळलेला लगदा ओला ठेवला तर काही दिवसांत सडतो. पुढच्या मुक्कामासाठी न्यायचा असेल तर पिळून, वड्या करून पूर्ण वाळवा. दुसऱ्या कुणाच्या वर्दीत तो मिसळायचा असेल, तर दोघांनाही विचारा.

प्रत्येक तावामागे पेन्सिलीने लिहायचं : कोणती वर्दी, सुती किती, नायलॉन किती, अबाका घातला का. ताव किती निघाले, सैनिकाकडे किती, डिझायनरकडे किती, प्रदर्शनासोबत फिरणार किती, हे गाडी भरण्याआधी लेखी ठरवा. नाव, हुद्दा किंवा तुकडीचं चिन्ह वाचता येत असेल, तर ते भिंतीवर लावायची परवानगी वेगळी घ्या, आणि ती नंतर मागे घेता येईल हेही त्याच कागदावर लिहा.