विटा उतरवण्याआधी

श्रोतेहो, नमस्कार. कापूस विकून झाला, हरभरा निघाला, हाती चार पैसे आले की आपल्याकडे घराघरांत एकच विषय सुरू होतो: मागं दोन खोल्या काढायच्या. पोराचं लग्न असतं, नाही तर मातीची भिंत फुगलेली असते, नाही तर कवेलू फिरवणारा माणूस मिळत नसतो. आज त्याच दोन खोल्यांबद्दल बोलायचं आहे, म्हणजे त्या काढायच्या आधी ग्रामपंचायतीत कोणते कागद द्यायचे त्याबद्दल.

जिल्हा परिषदेच्या बांधकाम विभागात माझी सगळी नोकरी झाली. पाये पाहिले, स्लॅब पाहिले, आणि भांडणं त्याहून जास्त पाहिली. त्यातलं दारव्हा तालुक्यातलं एक तुम्हाला सांगतो. गावाचं नाव सांगत नाही, तिथले लोक रेडिओ ऐकतात.

तिथं एक काकाजी होते. पोराचं लग्न ठरलं, तिथी निघाली. काकाजींनी पानठेल्यावर ऐकलं की आता घर बांधायला परवानगी लागत नाही. झालं! दुसऱ्या दिवशी विटांचा ट्रक दारात. मिस्त्रीनं दोरी मारली, चुना टाकला, मजुरांनी पाया खोदायला घेतला. मी दुसऱ्या कामानं गावात गेलो होतो, म्हणून सहज विचारलं, "काकाजी, ग्रामपंचायतीत काही कागद दिला का?" तर म्हणाले, "कायचा कागद बाप्पा? सरकारनं परवानगी काढूनच टाकली. माह्या जागेवर मी बांधून राह्यलो, कोणाचं काय जाते?"

आता जायचं ते शेजारी राहणाऱ्या चुलतभावाचं. दोन घरांच्या मध्ये एक सांद होती, माणूस आडवा होऊन जाईल एवढी. पावसाळ्यात दोन्हीकडच्या कवेलूंचं पाणी त्यातच पडायचं. काकाजींचा पाया त्या सांदीत सरकला होता. चुलतभावानं तोंडानं एक शब्द काढला नाही. सरळ ग्रामपंचायतीत अर्ज टाकला. ग्रामपंचायत अधिनियम 1958, त्याचं कलम 52. गावाच्या हद्दीत बिनपरवानगीचं बांधकाम थांबवायचा अधिकार पंचायतीला त्या कलमानं आहे. नोटीस आली, मिस्त्री दुसऱ्या कामावर निघून गेला, आणि विटा दारात पडून राहिल्या. लग्नाच्या पत्रिका मात्र छापून आल्या होत्या.

मग एके दिवशी पंचायत जागेवर पाहायला आली. सरपंच, ग्रामसेवक, दोन मेंबर, आणि बोलावलं नसताना अर्धं गाव. मलाही ओढून नेलं, "साहेब, तुमी टेप धरा." काकाजी म्हणे सांद माही, भाऊ म्हणे सांद माही. आजा काय बोलला होता, वाटणी झाली तेव्हा कोण हजर होतं, कोणाच्या बैलानं कोणाची भिंत पाडली होती, सगळं निघालं. उन्हात तासभर हेच. ओसरीवर काकाजींची आई बसली होती, ऐंशीच्या पुढची. कोणी तिला विचारलं नव्हतं. ती बसल्या जागेवरून म्हणाली, "कायले भांडता रे? ते तुमच्या दोघाईचंही नाही. लगन लागल्यावर मी इथूनच आली, रेंगीत बसून. दोन बैल जुपले होते. बैलं का उडून आले होते का?"

सगळे गप्प. जिथून आता माणूस आडवा जातो, तिथून एके काळी रेंगी जात होती! म्हणजे गावचा बोळ होता, आणि दोन्ही घरांनी दर पिढीला वीत वीत करून तो खाल्ला होता.

ग्रामसेवकानं डोकं चालवलं. त्या गावात स्वामित्व योजनेचं, म्हणजे गावठाणातल्या मिळकतींची मोजणी करणारं, ड्रोन उडून गेलं होतं. भूमी अभिलेखचा गावठाणाचा नकाशा तयार होता, काढून आणला. त्यातही गंमत पहा. ड्रोन येण्याआधी प्रत्येकानं आपापल्या मिळकतीची हद्द चुन्यानं आखून दाखवायची असते. त्या दिवशी हे दोघंही भाऊ वावरात, सोयाबीन काढायला. मग पंचायतीच्या शिपायानं दोघांच्याही भिंतीलगत चुना मारला, आणि मधली सांद नकाशात बोळ म्हणून उमटली. दोघांपैकी एक जण जरी त्या दिवशी घरी असता, तर ती सांद कोणाच्या नावावर चढली असती देव जाणे.

पण खरी मजा पुढं आहे. नकाशा जागेवर लावून पाहिला. काकाजींचा खड्डा बोळात निघाला, तो निघणारच होता. आणि ज्यानं अर्ज दिला त्या भावाची न्हाणी? तीसुद्धा बोळातच, आणि चांगली पक्की, टाइल्स लावलेली. भाऊ टेपकडे पाहे आणि माझ्याकडे पाहे, जसं काही टेपच मी घरून लांब करून आणला. म्हातारी मात्र एवढी हसली की तिला ठसका लागला. पाणी आणून दिलं ते त्या अर्जदार भावाच्या बायकोनंच.

शेवटी काकाजींनी पाया मागं घेतला, खोली लहान केली, परवानाधारक इंजिनिअरकडून नकाशा काढून आणला, शुल्क भरलं आणि काम पुन्हा सुरू झालं. पण तिथी काही थांबत नसते. लग्न झालं तेव्हा भिंती उभ्या होत्या आणि वर आभाळ होतं. मंडपवाल्यानं तिथंच कापड ताणलं. व्याही आत येऊन वर पाहत म्हणाले, "खोली हवेशीर आहे हो!" काकाजी अजून ते विसरले नाहीत.

आता कामाचं ऐका. पानठेल्यावरची बातमी खोटी नव्हती, पण अर्धी होती. राज्यासाठी एकत्रित विकास नियंत्रण नियमावली, म्हणजे बांधकामाचे नियम, आली डिसेंबर 2020 मध्ये. त्यानंतर फेब्रुवारी 2021 मध्ये ग्रामविकास खात्यानं ठरवलं की गावठाणात 3200 चौरस फुटांपर्यंतच्या भूखंडावर बांधायला नगररचनाकाराची परवानगी लागणार नाही. नगररचनाकाराची! म्हणजे जिल्ह्याच्या चकरा वाचल्या, ग्रामपंचायत सुटली नाही. 1600 चौरस फुटांपर्यंतचा भूखंड असेल, तर मालकीचा कागद, जागेचा मोजणी नकाशा, बांधकामाचा नकाशा, आणि तो नियमात बसतो असं परवानाधारक इंजिनिअरचं प्रमाणपत्र ग्रामपंचायतीत द्यायचं, विकास शुल्क भरायचं आणि काम सुरू करायचं. 1600 ते 3200 असेल तर कागद तेच, पण ग्रामपंचायत शुल्काचं मागणीपत्र देते, ते भरल्यावर प्रारंभ प्रमाणपत्र देते, आणि मगच पाया. पुन्हा सांगतो, 1600 आणि 3200 हे भूखंडाचं माप आहे, खोल्यांचं नाही. दोन खोल्या दोनशे फुटांच्या का असेनात, मोजायचा तो अख्खा भूखंड.

गावठाणाबाहेर, वावरात किंवा रस्त्याच्या कडेला बांधत असाल, तर हे लागू नाही. तिथं आधी तहसीलमध्ये अकृषकचं, म्हणजे शेतजमीन बिगरशेती करायचं, विचारा. गावठाणाच्या हद्दीपासून 200 मीटरच्या आतल्या जमिनीला जमीन महसूल संहितेच्या कलम 42-ड मध्ये सोपी वाट ठेवली होती, आता नियम काय आहे ते पटवाऱ्याला विचारा. पटवारी म्हणजे आताचे ग्राम महसूल अधिकारी, आणि ग्रामसेवक म्हणजे ग्रामपंचायत अधिकारी. 2024 मध्ये नावं बदलली. नावं बदलण्यापेक्षा एका माणसाकडची दोन-दोन गावं कमी केली असती तर लोकांचं जास्त भलं झालं असतं, असं माझं मत आहे. तोवर, ते तुमच्या गावात कोणत्या वारी बसतात ते विचारून जा.

मालकीच्या कागदाचं काय? बहुतेकांकडे ग्रामपंचायतीचा नमुना 8 असतो आणि तोच मालकीचा समजतात. तो कर आकारणीचा उतारा आहे. घरपट्टी कोण भरतो ते तो सांगतो, जागा कोणाची ते नाही. गावात ड्रोन येऊन गेलं असेल तर तुमची सनद, मिळकत पत्रिका तयार झाली का ते पहा. आणि घर अजून वडिलांच्या नावानं असेल, वडील नसतील, तर आधी वारसांची नावं लावून घ्या. बहिणींचीही. बहीण सासरी गेली म्हणून वाटा जात नाही. सही मागायला जाल तेव्हा तिला खरं काय बांधायचं ते सांगा, कोऱ्या कागदावर अंगठा नको.

हे सगळं विटांचा ट्रक बोलवायच्या आधी, ऐकलं ना? उतरल्यानंतर नाही. विटा दारात पडल्या की माणसाचा धीर सुटतो, मग कागद राहून जातो.

आणि इंजिनिअरकडे जातच आहात तर त्याला जागेवर आणा. आपली काळी माती पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते. जुनं घर बसून गेलेलं असतं, नव्या खोल्या नंतर बसतात, आणि जोडावर वरपासून खालपर्यंत चीर पडते. पक्का मुरूम लागेपर्यंत खोदायचं, आणि नवी भिंत जुन्या मातीच्या भिंतीत गुंतवायची नाही, सांधा वेगळा ठेवायचा. मिस्त्री म्हणेल काही होत नाही. चीर पडते तेव्हा मिस्त्री दुसऱ्या गावात असतो.

एक माझं आवडतं गाऱ्हाणंही सांगून टाकतो. हल्ली नकाशा काढताना सगळे शहरासारखा हॉल मागतात आणि ओसरी काढून टाकतात. मग भाव नसला की कापूस ठेवता कुठं? त्या हॉलमध्येच, टीव्हीपर्यंत! आणि मे महिन्यात स्लॅबखाली झोपवत नाही म्हणून खाटा पुन्हा अंगणात. ओसरी ठेवा बाप्पा, नकाशात ती दाखवायला काही वेगळा कागद लागत नाही.

काम पूर्ण झालं की ग्रामपंचायतीला कळवा, म्हणजे नव्या खोल्यांची आकारणी होईल आणि उताऱ्यात नोंद चढेल. पुढं कर्ज काढायचं म्हटलं तर बँक कागद मागतेच. आणि उताऱ्यासाठी जाल तेव्हा मागची घरपट्टी सोबत घेऊन जा. खिडकीवर आधी तीच विचारतात. नमस्कार.