शिट्टी चुकून वाजली तर

नमस्कार मंडळी. पुण्यात शाळा-कॉलेजच्या बास्केटबॉल मॅचेसना मी २२ वर्षं रेफरी म्हणून उभा राहतोय, आणि लोक मला सगळ्यात जास्त हेच विचारतात, की सर, शिट्टी चुकून वाजली तर काय करता? वाजलेली शिट्टी परत घेता येत नाही, खेळ थांबतोच. मग बघायचं ते एवढंच, की वाजली तेव्हा बॉल कुठे होता. परत सांगतो, बॉल कुठे होता. एखाद्या टीमच्या ताब्यात असेल तर त्यांनाच जवळच्या जागेवरून थ्रो-इन, म्हणजे रेघेबाहेरून बॉल आत टाकायचा, आणि २४ सेकंदांचं शॉट क्लॉक, म्हणजे शॉट मारायची मुदत मोजणारं घड्याळ, जिथं थांबलं तिथूनच पुढे चालू. कोणाच्याच ताब्यात नसेल तर स्कोअररच्या टेबलावर पाळी दाखवणारा बाण असतो तो बघायचा, ज्यांची पाळी त्यांना बॉल. आणि शॉट हवेत असेल तर? ते किस्स्यातूनच सांगतो.

कोथरूडला एका शाळेत मुलींची मॅच होती, एप्रिल महिना, दुपारचे बारा. शाळेच्या मॅचेस भर दुपारी ठेवणं बंदच झालं पाहिजे, बुटातूनसुद्धा पोरींचे तळपाय पोळतात हो सिमेंटवर, सकाळी सातला सुरू करायला काय जातं? तर शेवटचं मिनिट, यजमान ३४, पाहुण्या ३३, मी रिंगजवळ एंड लाइनवर. कोर्ट नुकतंच रंगवलेलं, पांढरी रेघ नवी कोरी, पण तिच्या वीतभर आत जुनी पिवळी रेघ रंगाखालून अजून दिसत होती. पाहुण्यांच्या एका बारक्या मुलीला तिथं पास मिळाला, तिचा पाय रेघेवर पडलेला मला दिसला, म्हणजे आऊट, तिनं शॉट सोडला आणि त्यावर माझी शिट्टी! वाजवतानाच लक्षात आलं, रेघ पिवळी होती. सगळ्या पोरी जागच्या जागी थांबल्या, आणि बॉल बोर्डला लागून आत.

यजमानांचे कोच धावत आले, शिट्टी झाली की बॉल डेड, म्हणजे खेळ तिथंच थांबला, मग बास्केट कसलं? एरवी त्यांचं बरोबर आहे. पण शॉट हातातून सुटून हवेत असताना शिट्टी वाजली तर बॉल डेड होत नाही, आत गेला की पॉइंट धरायचे. नसता गेला तर परत बाणच बघायचा. दुसऱ्या रेफरीला विचारलं, तो म्हणाला बॉल आधी सुटला होता. मग दोन्ही कॅप्टनना बोलावलं, टेबलावरच्यांनाही ऐकू जाईल अशा आवाजात सांगितलं, शिट्टी माझी चुकली, बास्केट धरतोय. हे मोठ्यानंच सांगायचं, आणि लगेच. शिट्टीला दोष देता येत नाही. रॉन फॉक्सक्रॉफ्ट नावाच्या कॅनडाच्या रेफरीची शिट्टी ऐन मॅचमध्ये आतली छोटी गोळी अडकून वाजलीच नव्हती, म्हणून त्यानं १९८७ साली बिनगोळीची शिट्टी बाजारात आणली, तीच माझ्या गळ्यात असते.

पाहुण्या ३५-३४ नं जिंकल्या. मॅचनंतर यजमानांची एक डिफेंडर आली, घामानं डबडबलेली, म्हणाली, "सर, मी शिट्टी ऐकून थांबले हो." नियमात माझा निर्णय बरोबर होता, तरी मी तिला सॉरी म्हटलं, दुसरं काय म्हणणार? पुढच्या रविवारी शाळेच्या शिपाईकाकांकडून ब्रश आणि ऑइल पेंटचा डबा मागून घेतला, आणि ती पिवळी रेघ या टोकापासून त्या टोकापर्यंत मी स्वतः बुजवली.