बेळगावचा प्रश्न आणि दिल्लीचे उत्तर

(दृश्य : कोगनोळीचा टोल नाका. एस. टी. थांबते, पुढे सरकते.)

कोल्हापूरहून बेळगावला निघालेली एस. टी. कागल मागे टाकते आणि कोगनोळीच्या नाक्यापाशी कर्नाटकात शिरते. खिडकीतून पाहणाऱ्याला फारसा फरक जाणवत नाही, कारण दोन्ही बाजूंना तोच ऊस असतो, तीच काळी माती असते आणि बसमधल्या गप्पाही मराठीतच चालू राहतात. बदलतात त्या पाट्यांवरची अक्षरे आणि पोलिसांच्या डोक्यावरच्या टोप्या. मात्र दोन राज्यांत कटुता आली की सर्वांत आधी थांबते ती हीच बस. डिसेंबर २०२२ मध्ये हिरेबागेवाडीच्या नाक्यावर महाराष्ट्रातील वाहनांवर दगड पडले, पुण्यात कर्नाटकच्या गाड्यांना काळे फासले गेले आणि गाड्या बंद झाल्या. फेब्रुवारी २०२५ मध्ये बेळगावजवळ कर्नाटकच्या एका कंडक्टरला मारहाण झाली, त्यापाठोपाठ चित्रदुर्गात महाराष्ट्राच्या एका चालकाच्या तोंडाला काळे फासले गेले, आणि गाड्या पुन्हा आपापल्या हद्दीत थांबल्या.

१९५६ च्या राज्य पुनर्रचना कायद्याने राज्यांनी एकत्र बसून बोलावे म्हणून विभागीय परिषदा निर्माण केल्या आणि त्यांनी कोणत्या विषयांवर चर्चा करावी हे २१ व्या कलमात सांगितले. त्यातल्या एकाच उपकलमात तीन विषय शेजारी शेजारी बसवले आहेत : सीमातंटे, भाषिक अल्पसंख्याक आणि आंतरराज्य वाहतूक. मसुदा लिहिणाऱ्याने ते सहज एकत्र लिहिले असतील. सीमाभागातल्या माणसाला मात्र ही ओळ वाचताना आपलेच चरित्र कोणी तीन शब्दांत मांडल्यासारखे वाटते.

(दृश्य : १ नोव्हेंबर, बेळगाव. दंडाला काळ्या फिती, सायकलींची लांब रांग. नंतर चन्नम्मा चौकातील लाल-पिवळे ध्वज.)

दरवर्षी १ नोव्हेंबरला कर्नाटक राज्योत्सव साजरा होतो आणि त्याच दिवशी बेळगावातील मराठी माणसे काळा दिवस पाळतात. बाहेरून येणाऱ्या पत्रकाराला या काळ्या फिती पाहून हा देशापासून फुटण्याचा प्रकार आहे की काय, अशी शंका येते. म्हणून आरंभीच स्पष्ट केले पाहिजे की येथील मागणी भारतातून बाहेर पडण्याची कधीच नव्हती. भारताच्या नकाशावरची आतली एक रेषा काही मैल सरकावी आणि आपली गावे महाराष्ट्रात जावीत, एवढेच येथील माणूस म्हणत आला आहे. घटनेच्या तिसऱ्या अनुच्छेदाप्रमाणे ही रेषा हलवण्याचा अधिकार एकट्या संसदेला आहे. संबंधित विधानसभांचे मत मागवावे लागते, ते मानलेच पाहिजे असे नाही. म्हणजे या प्रश्नाची किल्ली पहिल्या दिवसापासून दिल्लीच्याच खिशात आहे, आणि म्हणूनच दिल्लीने तिचे काय केले हे पाहणे अगत्याचे ठरते.

त्याआधी थोडे मागे जावे लागेल. बेळगावला टिळकवाडीत आजही काँग्रेस विहीर आहे. डिसेंबर १९२४ मध्ये येथे भरलेल्या काँग्रेस अधिवेशनासाठी ती खोदली गेली. महात्मा गांधी काँग्रेसचे अध्यक्ष झाले ते आयुष्यात एकदाच, आणि ते याच अधिवेशनात. त्याच मंडपाच्या आश्रयाने कर्नाटक एकीकरणाची परिषदही भरली. मुंबई, मद्रास, हैदराबाद, म्हैसूर अशा तुकड्यांत विखुरलेला कन्नड मुलूख एक व्हावा, हे तिचे मागणे होते. त्यानंतर सुमारे २१ वर्षांनी, मे १९४६ मध्ये, याच बेळगावात ग. त्र्यं. माडखोलकर यांच्या अध्यक्षतेखाली मराठी साहित्य संमेलन भरले आणि संयुक्त महाराष्ट्राचा ठराव तेथे मंजूर झाला. दोन भाषांनी आपापल्या एकीकरणाचे नारळ एकाच गावात फोडले. या गावावर कोणाचा हक्क, हा प्रश्न चिघळणार हे तेव्हाच ठरून गेले असे म्हटले तर ते अगदीच चुकीचे होणार नाही.

डिसेंबर १९५३ मध्ये केंद्राने फाजल अली यांच्या अध्यक्षतेखाली राज्य पुनर्रचना आयोग नेमला. हृदयनाथ कुंझरू आणि के. एम. पणिक्कर हे त्याचे अन्य सदस्य होते. सप्टेंबर १९५५ मध्ये आलेल्या अहवालाने बेळगाव जिल्ह्यातला चंदगड तालुका मुंबई राज्याकडे ठेवला आणि उरलेला जिल्हा कर्नाटकाकडे दिला. या निर्णयाचा विक्षिप्तपणा चंदगडच्या माणसाला विचारावा. त्याचा जिल्हा कोल्हापूर झाला, पण बाजार, दवाखाना आणि लग्नाचा बस्ता यांसाठी त्याची पावले अजूनही बेळगावकडेच वळतात. जानेवारी १९५६ मध्ये केंद्राचा निर्णय जाहीर होताच बेळगावात लोक रस्त्यावर उतरले आणि गोळीबार झाला. १७ जानेवारी हा तेव्हापासून येथे हुतात्मा दिन म्हणून पाळला जातो. त्याच वर्षी १ नोव्हेंबरला कायदा अमलात आला आणि बेळगाव मुंबई राज्यातून म्हैसूर राज्यात, म्हणजे आजच्या कर्नाटकात, गेले.

जून १९५७ मध्ये मुंबई सरकारने केंद्रीय गृहमंत्रालयाकडे निवेदन दिले. खेडे हा घटक, भौगोलिक सलगता, भाषिक बहुसंख्या आणि लोकेच्छा या चार कसोट्यांवर त्यात ८१४ गावांची मागणी होती आणि त्याबदल्यात कन्नडबहुल २६० गावे देण्याची तयारीही होती. या कसोट्या महाराष्ट्राने पदरच्या लावल्या नव्हत्या. आंध्र आणि मद्रास यांच्यातला वाद सोडवताना ह. वि. पाटसकर यांनी खेडे हाच घटक धरला होता. जे सूत्र दक्षिणेत चालले ते येथे का चालू नये, हा सीमाभागाचा प्रश्न तेव्हापासून उत्तराच्या प्रतीक्षेत आहे. १९६० मध्ये दोन्ही राज्यांची चार जणांची समिती नेमली गेली. तिच्यात एकमत झाले नाही.

(दृश्य : जुनी वृत्तपत्रे, नकाशावर निपाणी, खानापूर, नंदगड, अक्कलकोट.)

१९६६ मध्ये सेनापती बापटांनी वयाच्या पंच्याऐंशीव्या वर्षी या प्रश्नासाठी मुंबईत उपोषण केले. त्या वर्षी २५ ऑक्टोबरला केंद्राने सर्वोच्च न्यायालयाचे माजी सरन्यायाधीश मेहरचंद महाजन यांचा एकसदस्य आयोग नेमला. ऑगस्ट १९६७ मध्ये आलेल्या त्यांच्या अहवालाने निपाणी, खानापूर आणि नंदगड यांसह २६४ गावे महाराष्ट्राला आणि अक्कलकोट, दक्षिण सोलापूर भागांतील २४७ गावे कर्नाटकाला द्यावीत असे सांगितले. बेळगाव शहर मात्र कर्नाटकातच ठेवले. शहराला तीन बाजूंनी कन्नड मुलूख आहे, हा त्यामागचा एक मुद्दा होता. ज्या कसोट्यांनी गावे मोजली त्यांनीच शहर का मोजले नाही, असे विचारत महाराष्ट्राने अहवाल फेटाळला. कर्नाटकाने तो स्वीकारला आणि आयोग महाराष्ट्राच्याच आग्रहाने नेमला गेला होता याची आठवण ते आजही करून देते. ही आठवण खोटी नाही, आणि मराठी सभांमधून ती सहसा सांगितली जात नाही.

या अहवालाचे पुढे काय झाले? केंद्राने तो अमलात आणला नाही आणि रद्दही केला नाही. परिणाम असा झाला की ज्या निपाणीला आणि खानापूरला महाराष्ट्रात घालावे असे खुद्द केंद्राच्या आयोगाने सांगितले, ती गावे अहवाल मान्य असलेल्या राज्यातच राहिली. आणि अक्कलकोट, जे कर्नाटकाला द्यावे असे सांगितले, ते अहवाल अमान्य असलेल्या राज्यात राहिले. निपाणीच्या तंबाखूच्या वखारीतला म्हातारा हमाल हे सांगताना हसतो, आणि त्या हसण्यात राग किती आणि सवय किती हे ओळखता येत नाही. १९६९ च्या फेब्रुवारीत शिवसेनेने याच प्रश्नावर मुंबईत आंदोलन छेडले, शहर काही दिवस धगधगले आणि माणसे मेली. अहवाल जागचा हलला नाही.

पुढे प्रश्न जमिनीवरून जिभेवर आला. १९८० नंतर गोकाक अहवालाच्या निमित्ताने कन्नड शाळेत आणि कारभारात सक्तीची करण्याची चळवळ कर्नाटकात जोर धरू लागली. कर्नाटकाच्या बाजूने पाहिले तर आपल्या राज्यात आपली भाषा चालावी हे मागणे स्वाभाविक होते. सीमाभागातल्या शेतकऱ्याला मात्र ते वेगळ्याच रूपात भेटले. जमिनीचा उतारा कन्नडमध्ये, वीजबिल कन्नडमध्ये, नोटीस कन्नडमध्ये. बापजाद्यांनी कसलेल्या शेताचा कागद हातात घेऊन तो तहसील कार्यालयाबाहेर उभा असतो आणि शाळेत कन्नड शिकलेली नात बोटाने ओळी दाखवत तो वाचून सांगते. सर्व्हे नंबर, खातेदाराचे नाव, वारसाची नोंद. एखादा शब्द तिलाही अडतो, मग समोरच्या टंकलेखकाला विचारावे लागते आणि तो भला माणूस कन्नडिगा असूनही मराठीतच उत्तर देतो. ज्या भागात भाषिक अल्पसंख्याक १५ टक्के वा अधिक असतील तेथे महत्त्वाची कागदपत्रे त्यांच्या भाषेतही मिळावीत, हे केंद्राने राज्यांना सांगितलेले संरक्षण आहे. ते कागदावर आहे, उताऱ्यावर नाही.

१ जून १९८६ रोजी कन्नडसक्तीविरोधी आंदोलन पेटले. शरद पवार आणि छगन भुजबळ पोलिसांना चुकवून बेळगावात पोहोचले, भुजबळ तर वेशांतर करून. त्या आंदोलनात नऊ जण गोळीबाराला बळी पडले आणि बेळगावजवळच्या हिंडलग्याच्या स्मारकावर दर १ जूनला फुले वाहिली जातात.

(दृश्य : सर्वोच्च न्यायालय. नंतर सुवर्ण विधानसौधाची पांढरी इमारत.)

२९ मार्च २००४ रोजी महाराष्ट्राने घटनेच्या १३१ व्या अनुच्छेदाखाली सर्वोच्च न्यायालयात मूळ दावा दाखल केला. त्यात पहिला प्रतिवादी कर्नाटक नाही, भारत सरकार आहे. मागणी आता ८६५ गावांची आहे. राज्यांची सीमा ठरवणे हा संसदेचा अधिकार असून न्यायालयाला त्यात पडता येत नाही, असा कर्नाटकाचा बचाव आहे. केंद्रानेही प्रतिज्ञापत्रात महाराष्ट्राची बाजू उचलली नाही. भाषा हा पुनर्रचनेचा एकमेव निकष नव्हता, अशी भूमिका त्याने घेतली. संसद म्हणते प्रकरण न्यायालयात आहे, आणि न्यायालयात सांगितले जाते की हा संसदेचा प्रांत आहे. १९५७ पासून दिल्लीने या मागणीला स्पष्ट नकार फार क्वचित दिला आहे. तिने पुढची तारीख दिली आहे.

कर्नाटकाने तारखेची वाट पाहिली नाही. २००५ मध्ये बेळगाव महापालिकेने महाराष्ट्रात जाण्याचा ठराव करताच तेव्हाचे महापौर विजय मोरे यांच्या तोंडाला बंगळूरमध्ये काळे फासले गेले आणि पालिका बरखास्त झाली. २००६ मध्ये बेळगावात विधिमंडळाचे अधिवेशन भरवण्यात आले, २०१२ मध्ये त्यासाठी सुवर्ण विधानसौध उभा राहिला आणि त्याचे उद्घाटन राष्ट्रपती प्रणव मुखर्जी यांच्या हस्ते झाले. केंद्राच्या संमतीने १ नोव्हेंबर २०१४ पासून शहराचे अधिकृत नाव ‘बेळगावी’ झाले. तारीखसुद्धा निवडून घेतलेली.

त्याच वर्षीच्या जुलैमध्ये शहराच्या दक्षिणेला, भातशेतीसाठी ओळखल्या जाणाऱ्या येळ्ळूर गावात एक फलक पाडला गेला. गावाच्या तोंडाशी उभ्या असलेल्या त्या फलकावर एवढेच लिहिले होते : महाराष्ट्र राज्य, येळ्ळूर. उच्च न्यायालयाच्या आदेशावरून प्रशासनाने तो काढला, गावकऱ्यांनी तो पुन्हा उभारला, आणि दोन दिवसांनी मोठ्या बंदोबस्तात तो पुन्हा पाडताना लाठ्या चालल्या. घरांत शिरून मारल्याच्या तक्रारीही तेव्हा झाल्या. भारतातल्याच दुसऱ्या राज्याचे नाव लिहिलेल्या फलकावर इतके बळ खर्ची पडावे, हे सहज पचणारे नाही.

सीमाभाग महाराष्ट्रात जावा म्हणून लढणाऱ्या महाराष्ट्र एकीकरण समितीचे काय झाले, हेही सांगितले पाहिजे. एके काळी समितीचा शब्द या मुलखात अखेरचा होता. २०१३ च्या विधानसभेत तिचे दोन आमदार होते. २०१८ आणि २०२३ मध्ये एकही नाही. २०२१ मध्ये बेळगाव महापालिकेच्या ५८ पैकी ३५ जागा भाजपने जिंकल्या आणि त्यांत मराठी नगरसेवकांची संख्या मोठी होती. समितीतली दुही हे त्याचे एक कारण आहे आणि ते येथे सर्वांना ठाऊक आहे. पण काळ्या दिवसाच्या फेरीत सायकल चालवणारा मुलगाच मतदानाच्या दिवशी राष्ट्रीय पक्षाचे बटण दाबतो, याचा अर्थ मागणी संपली असा घ्यायचा, की ती मतपेटीतून सुटत नाही हे त्याला कळले असा घ्यायचा, हे मुंबईत वा बंगळूरमध्ये बसून ठरवता येण्यासारखे नाही.

१४ डिसेंबर २०२२ रोजी केंद्रीय गृहमंत्री अमित शहा यांनी बसवराज बोम्मई आणि एकनाथ शिंदे या दोन्ही मुख्यमंत्र्यांना दिल्लीत एकत्र बसवले. न्यायालयाचा निकाल येईपर्यंत कोणी कोणाच्या भूभागावर दावा सांगू नये आणि दोन्हीकडच्या तीन-तीन मंत्र्यांनी मिळून वाद मिटवावेत, असे ठरले. त्यानंतर दोन आठवड्यांच्या आत दोन्ही विधिमंडळांनी एकमेकांविरुद्ध ठराव मंजूर केले. कर्नाटकाने एक इंचही न देण्याचा, महाराष्ट्राने ८६५ गावांतली इंचन्‌इंच जमीन घेण्याचा.

(दृश्य : बेळगावचे बसस्थानक, संध्याकाळ.)

गाड्या पुन्हा सुरू झाल्या आहेत. कोल्हापूरच्या गाडीच्या पाटीवर गावाचे नाव बेळगाव आहे, शेजारी उभ्या असलेल्या कर्नाटकच्या गाडीवर ते बेळगावी आहे, आणि कंडक्टर दारात उभा राहून निपाणी, निपाणी असे ओरडतो आहे. ‘काय करूलास, चढ की,’ म्हणून एक बाई आपल्या मुलाला पायरीवर ढकलते. गाडी सुटते.