लेथवरचा उजेड

(दृश्य: भोसरी एमआयडीसीतला एक गाळा. पत्र्याची शेड, शटर अर्धं वर.)

सकाळची पाळी सुरू झालीय. छताला, चांगल्या उंचावर, ट्यूबची रांग. आत शिरताना वाटतं, उजेडाला काही कमी नाही. पण लेथवर, म्हणजे धातू फिरवत कापणाऱ्या मशीनवर, टर्नर जिथं बघतोय तिथं बघा. चकमध्ये, म्हणजे मशीनच्या फिरत्या पकडीत, जॉब (घडवायचा तुकडा) फिरतोय, टूलचं टोक त्याला टेकलंय आणि नेमकी त्याच जागी टर्नरच्या डोक्याची सावली पडलीय. नीट दिसावं म्हणून तो वाकतो, तर सावली आणखी गडद होते.

भोसरी, पिंपरी-चिंचवड, तळवडे, चाकण. पुण्याभोवती असे गाळेच गाळे आहेत. गाड्यांचे सुटे भाग इथं कापले, घासले, मोजले जातात. जाडी मोजायच्या मायक्रोमीटरच्या थिंबलवरची, म्हणजे फिरत्या नळीवरची, एक रेघ म्हणजे 0.01 मिलिमीटर. ती वाचताना एका रेघेची चूक झाली, तर जॉब थेट भंगारात जाऊ शकतो.

किती उजेड हवा, याचे आकडे ठरलेले आहेत. युरोपीय मानक सांगतं, साध्या मशीनिंगला 300 लक्स, 0.1 मिलिमीटरच्या आतल्या कामाला आणि ग्राइंडिंगला 500, मार्किंग आणि तपासणीला 750. एक चौरस मीटर जागेवर एक लुमेन प्रकाश पसरला की तो एक लक्स. हे मोजायचं मात्र कामाच्या जागी, टूलच्या टोकापाशी. गाळ्याच्या मधोमध उभं राहून घेतलेला आकडा टर्नरच्या काय उपयोगाचा?

(दृश्य: हेडस्टॉकच्या (चक फिरवणाऱ्या भागाच्या) बाजूने आलेला, मान वळणारा मशीन लॅम्प. मान खाली वळते.)

म्हणून हा छोटा दिवा. लहान दिव्याचं गणित असं, की अंतर निम्मं केलं तर उजेड चौपट होतो. दोन मीटरवरचा दिवा एक मीटरवर आणा, वॅट न वाढवता काम होतं. तो बाजूने, थोडा पुढून यावा आणि त्याची काच डोळ्यांत चमकू नये. मशीनवर कूलंट उडतं, हात ओले असतात, त्यामुळे हा दिवा ट्रान्सफॉर्मर लावून 24 व्होल्टवर चालवण्याची चांगली पद्धत आहे. तिथं काटकसर करू नये.

फिटरच्या बेंचवरही तेच. ट्यूब पाठीमागे असली की व्हाइसवर, म्हणजे बेंचवरच्या पकडीवर, स्वतःचीच सावली पडते. ट्यूब बेंचच्या वर, माणसाच्या पुढ्यात घ्यावी.

“काका, एवढं तर दिसतंय की!” आयटीआयमधून नुकता आलेला पोरगा म्हणतो. त्याला दिसतंय, खरंच दिसतंय. पण साठीतल्या माणसाची बाहुली लहान झालेली असते, डोळ्यातलं भिंग पिवळसर झालेलं असतं. विशीतल्या डोळ्याच्या पडद्यावर जेवढा उजेड पोचतो, त्याच्या जेमतेम एक तृतीयांश साठीतल्या डोळ्याच्या पडद्यावर पोचतो. एकाच मशीनवर दोघं काम करणार असतील, तर दिवा काकांच्या डोळ्यांना पुरेल असाच लावायला हवा.

(दृश्य: चक फिरतोय. हळूहळू त्याचे तीन जबडे थांबल्यासारखे दिसू लागतात.)

आता हे नीट बघा. चक थांबलेला नाही.

आपल्याकडची वीज 50 हर्ट्झची. अशा विजेवरचा साधा दिवा सेकंदाला 100 वेळा मंद-प्रखर होतो. डोळ्यांना ते कळत नाही. पण तीन जबड्यांचा चक मिनिटाला 2000 फेरे घेत असेल, तर दोन झगमगींच्या मधल्या वेळात तो बरोबर एक तृतीयांश फिरतो. एका जबड्याच्या जागी दुसरा येतो. प्रत्येक वेळी चित्र तेच, म्हणजे चक उभा असल्याचा भास. चार जबड्यांच्या चकला हेच 1500 फेऱ्यांना घडतं. शेजारी दुसरी मशीन घरघरत असेल, तर कानही सावध करत नाहीत, आणि हात पुढे जातो.

स्वस्तातल्या काही एलईडीत ही झगमग जास्तच असते. उपाय अवघड नाहीत. चांगल्या ड्रायव्हरचा, म्हणजे आतून एकसारखी वीज पुरवणाऱ्या भागाचा, दिवा घ्यावा, आणि शेडमध्ये थ्री-फेज असेल तर शेजारशेजारचे दिवे वायरमनकडून वेगवेगळ्या फेजवर टाकून घ्यावेत. एक मंदावतो तेव्हा दुसरा प्रखर असतो.

(दृश्य: कसबा पेठ, तांबट आळी. तांब्याच्या हंड्यावर हातोडीचे ठोके.)

मशीनपासून लांब, पेठेतल्या या कामालाही उजेडाची दिशा लागते. मठारकामात प्रत्येक ठोक्याचा एक चपटा ठसा उमटतो. समोरून झगझगीत दिवा मारला तर सगळा हंडा नुसता चकाकतो. बाजूने तिरपा उजेड घेतला, की एकेक ठसा सुटा दिसतो आणि कुठला ठोका हुकला तेही कळतं. धातूवरचा ओरखडा, कडेला राहिलेला बर (कापताना सुटलेला धारदार कंगोरा), असंच तिरप्या उजेडात सापडतं.

कायद्यानेही याचा विचार केलाय. नोव्हेंबर 2025 पर्यंत लागू असलेल्या 1948 च्या कारखाने अधिनियमाच्या कलम 17 मध्ये पुरेसा उजेड तर मागितलाच होता, शिवाय डोळे दिपवणारी चकाकी आणि ताण देणारी सावली टाळायला सांगितलं होतं. खिडक्यांच्या आणि छतातल्या काचा आतून-बाहेरून स्वच्छ ठेवायच्या, हेसुद्धा त्यात होतं. पावसाळ्यानंतर छतातला पारदर्शक पत्रा शेवाळाने हिरवा झालेला असतो. तो धुवून घेतला की फुकटचा सूर्यप्रकाश परत आत येतो.

(दृश्य: तपकीर गल्ली, पुण्यातला विजेच्या सामानाचा बाजार. काउंटरवर पेटवून ठेवलेले दोन दिवे, समोर मोबाइल.)

दिवा घ्यायला इथं आलात, तर आधी पेटवून दाखवायला सांगा. मोबाइलचा कॅमेरा त्याच्यासमोर धरा. पडद्यावर काळे पट्टे सरकताना दिसले, तर तो दिवा झगमगतोय. मग त्याच्या उजेडात एक पेन्सिल जोरात हलवून बघा. तिच्या सुट्या सुट्या प्रतिमा दिसल्या, तर तो दिवा लेथसाठी घेऊ नका, दुसरा दाखवायला सांगा.